मध्ये येणारी माणसं

१

ऑफिसला जायच्या आधी ठिणगी तासभर रस्त्यात बसायची. घडीचं स्टूल, मांडीवर पाटी, पाटीला चिमट्यांनी लावलेला कागद आणि गळ्यात ऑफिसचा कॅमेरा. आधी चित्र, मग फोटो. हा क्रम बाईंनी घालून दिला होता. बाई म्हणजे तिच्या ऑफिसमधल्या सगळ्यांत जुन्या वास्तुविशारद. “फोटो आधी काढलास की डोळ्यांना वाटतं, झालं आपलं काम,” त्या म्हणायच्या. “मग ते आळशासारखे पडून राहतात.”

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. जन्मल्याबरोबर पोरीने रडून जे घर डोक्यावर घेतलं ते अजून खाली ठेवलेलं नाही, असं बाबांचं म्हणणं. ठिणगी हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

नोकरीसाठी ती या शहरात आली तेव्हा तिला ते डोळ्यांसमोर नको होतं. धुराने काळवंडलेल्या इमारती, रांगेत घुसलेल्या माणसांसारख्या एकमेकींना कोपर मारत उभ्या. त्यांच्या अंगावर तारा, पाट्या, वाळत घातलेले कपडे. जुन्या भागातल्या इमारतींचे दर्शनी भाग रेखाटून त्यांचं एक जाडजूड पुस्तक करायचं काम ऑफिसने घेतलं होतं आणि ते नव्या मुलीच्या गळ्यात पडलं. पहिला महिना तिने दात-ओठ खातच काढला.

मग एका सकाळी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची इमारत काढताना तिचा हात थांबला. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या खालच्यांपेक्षा बेताने लहान होत्या. त्यामुळे इमारत होती त्याहून उंच वाटत होती. कधी काळी कुणीतरी बसून, विचार करून, रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला इतक्या प्रेमाने फसवलं होतं. ठिणगीला हसू फुटलं. त्या दिवशी ती ऑफिसला उशिरा पोचली आणि बोलणी खाऊनही तिचं तोंड हसरंच राहिलं.

त्यानंतर मात्र शहराने तिला झपाटलं. कमानीचा मधला दगड, कठड्याच्या जाळीतून भिंतीवर पडणारी सावली, पावसाचं पाणी भिंतीवर ओघळू नये म्हणून दगडाला खालून मारलेली बारीक खाच. रात्री डोळे मिटले की पापण्यांच्या आत खिडक्यांच्या ओळी लागायच्या.

“ठिणगे, माणसांच्या लग्नाचं वय आहे तुझं,” बाबा म्हणायचे. “तू इमारतीशी ठरवलंयस की काय? आधीच सांग, आहेर काय करायचा? सिमेंटचं पोतं?”

२

चित्रं बरी येत होती, पण बाईंना पसंत पडत नव्हती.

“तू सगळंच काढतेस,” बाई म्हणाल्या. “ही तार कशाला? ही बादली? आणि हा कोण?”

“किल्लीवाला. कमानीखाली बसतो.”

“इमारत बांधणाऱ्याने बसवलाय का त्याला?”

“नाही.”

“मग सोडून दे. काढायला कुणालाही येतं गं. सोडायला शिक.”

ठिणगीला एरवी वडीलधाऱ्यांचं काही ऐकायचं म्हटलं की कपाळशूळ उठायचा. पण हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी तिने तीच कमान पुन्हा काढायला घेतली. जुन्या वाचनालयाची कमान होती ती. तिच्या पायथ्याशी दगडात कोरलेल्या पानांची एक पट्टी होती आणि नेमकी त्या पट्टीसमोर किल्लीवाल्याची पेटी.

“आज पण चित्र?” किल्लीवाल्याने विचारलं. “माझं नाक नीट काढा ताई. मागल्या वेळेला बटाटा काढला होतात.”

“आज तुम्ही नाही आहात चित्रात.”

“अरे वा! म्हणजे सुट्टीच मिळाली म्हणायची.”

माणूस सोडायचा म्हणजे नुसतं हात आखडणं नव्हे, हे तिला तेव्हा कळलं. त्याच्या पाठीमागे जे झाकलं गेलंय ते मनाने काढावं लागतं. पट्टीतली बाकीची पानं उजवीकडे झुकलेली होती, तशीच तिने किल्लीवाल्याच्या जागी एकामागून एक काढली. फक्त शेवटचं पान काढताना मागून कुणीतरी घंटी वाजवत सायकल नेली, तिचा हात हलला आणि ते पान डावीकडे वळलं. खाडाखोड करायला वेळ नव्हता. तिने ते तसंच राहू दिलं.

बाईंनी चित्र हात लांब करून धरलं. “आता कमान कशी श्वास घेतेय बघ,” त्या म्हणाल्या.

३

पुढच्या आठवड्यात ती वाचनालयासमोरून चालली होती. किल्लीवाला जागेवर नव्हता. त्याची पेटी नव्हती, किल्ल्यांचा जुडगा टांगायचा खिळाही नव्हता. कमानीचा पायथा मोकळा होता आणि सकाळचं तिरपं ऊन पानांच्या पट्टीवर अगदी पाण्यासारखं वाहत होतं. ठिणगीने आधी फोटो काढला. क्रम चुकला, पण असं ऊन रोज मिळत नाही.

मग ती जवळ गेली. सगळी पानं उजवीकडे झुकलेली. शेवटचं डावीकडे.

तिने त्या पानावर बोट फिरवलं. दगड थंड होता, कडा झिजलेल्या, खाचेत वर्षानुवर्षांची धूळ घट्ट बसलेली. ते आज-काल कोरलेलं नव्हतं.

‘किल्लीवाला कधीतरी उठला असेल तेव्हा आपण पाहिलं असणार,’ तिने स्वतःला सांगितलं. ‘डोळ्यांनी टिपलं, हाताने काढलं, डोक्याला पत्ताच नाही. असं होतं.’ हात हलल्याचं तिला आठवत होतं. पण आठवणीचं काय, ती सोयीप्रमाणे हलते.

संध्याकाळी बाबा बाल्कनीत नेहमीच्या खुर्चीवर बसले होते. त्यांचे गुडघे धरलेले, त्यामुळे जिने उतरणं बंद होतं. बाल्कनी हेच त्यांचं गाव. तिथून ते अख्ख्या रस्त्याशी बोलायचे. समोरच्या शिंपीणबाईंशी, खालच्या फुलवाल्याशी, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाशीही. आई गेल्यावर लेकीच्या मागे इथे आलेल्या माणसाने महिन्याभरात जेवढ्या ओळखी केल्या तेवढ्या ठिणगीला जन्मात जमल्या नसत्या.

“तो किल्लीवाला दिसत नाही गं,” ते म्हणाले. “वाचनालयाच्या कोपऱ्यावरून रोज हात करायचा मला.”

“गेला असेल कुठेतरी.”

“सांगून गेला असता.”

“बाबा, तो काय तुमचा जावई आहे सांगून जायला?”

“तुझ्या भरवशावर राहिलो तर जावई म्हणून त्यालाच धरावा लागेल,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा वाकून कोपऱ्याकडे पाहू लागले.

४

फोटो काढताना थांबावं लागतं. माणूस जाईल, गाडी सरकेल, हातगाडी वळेल, तोवर डोळा कॅमेऱ्याला लावून श्वास धरायचा. त्या एका रिकाम्या क्षणासाठी ठिणगीने तास तास घालवले होते.

कधीतरी तिच्या लक्षात आलं, की हल्ली थांबावं लागत नाही.

तिने कॅमेरा उचलावा आणि रस्ता मोकळा असावा. भर दुपारीसुद्धा. औषधांच्या दुकानाची पाटी गेली होती आणि पाटीमागची दगडी महिरप मोकळी झाली होती, तिने कागदावर कल्पनेने पुरी केली होती तशीच. तारा नव्हत्या. गच्च्यांवरचे कपडे नव्हते. शिंपीणबाईंची इमारत तिने काढली, तेव्हा खिडकीत शिवणयंत्रावर वाकलेली ती बाई तिने सोडली होती. आता त्या खिडकीला निळसर काचेची बंद तावदानं होती आणि त्यांत आभाळ होतं. इतकं सुंदर, की ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुट्ट्यांचे दिवस आहेत. उकाडा आहे. लोक नव्या वस्तीकडे राहायला चाललेत, सगळेच म्हणतात. पाट्या काढायचा हुकूम निघाला असेल. एकेका गोष्टीला एकेक कारण मिळत होतं आणि प्रत्येक कारण आपापल्या जागी फिट बसत होतं. फक्त ती सगळी एकत्र मांडायला तिला वेळ नव्हता.

ऑफिस नव्या भागात, काचेच्या इमारतीत होतं. काढायच्या लायकीचं त्यात काही नव्हतं. तिथे मात्र गर्दी, चहाचे कप, फोन, भांडणं, सगळं जिथल्या तिथे होतं. बाईंनी फोटो टेबलावर पसरले. “काय पहाटे उठत होतीस का गं? चिटपाखरू नाही.”

“दुपारचे आहेत.”

“दुपारचे?” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग खांदे उडवले. “नशीबवान आहेस. आता शेवटचं पान राहिलं. तुझ्या स्वतःच्या इमारतीचं. ती गोल बाल्कनी म्हणजे त्या रस्त्याचा दागिना आहे.”

५

बाल्कनी खरोखरच तशी होती. उमलत्या फुलाच्या आकाराच्या दगडी टेकूंवर तोललेली, लोखंडी वेलींच्या कठड्याची. आणि त्या दागिन्याच्या ऐन मध्यावर बनियन घातलेले बाबा. कठड्यावर त्यांचा टॉवेल.

समोरच्या फुटपाथवर स्टूल मांडून ठिणगीने तोंडाशी हात धरले. “बाबा! जरा आत जा ना! मधे येताय!”

“कुणाच्या मधे?”

“चित्राच्या!”

“मग येऊ दे की. घर आहे, म्युझियम नाही!” बाबांचा आवाज रिकाम्या रस्त्यात घुमला. “आणि आत जाऊन करू काय? भिंतीशी बोलू? इथे तरी कोण उरलंय म्हणा. सकाळपासून एक माणूस दिसला तर शपथ. ठिणगे, मला हे बरं वाटत नाहीये.”

“तुम्हाला माझं काहीच बरं वाटत नाही!”

ती फणकाऱ्याने खाली बसली. चित्राची मुदत उद्याची होती. म्हाताऱ्या माणसांशी वाद घालत बसलं तर जगातलं एकही काम पुरं व्हायचं नाही. तिने टेकू काढले, वेली काढल्या. बाबांच्या जागी त्यांच्यामागचा दरवाजा काढला, त्याची दुहेरी चौकट, वरची अर्धगोल काच. खुर्ची सोडली. टॉवेल सोडला. बाबा वरून पाहत होते. 

घरी येऊन तिने ते पेन्सिलचं चित्र ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवलं. तिने काढलेल्या सगळ्यांत ते सुंदर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आतल्या खोलीत, पलंगाच्या कडेवर बसलेले दिसले.

“बाल्कनीत नाही गेलात?”

“गेलो होतो.” ते आपल्या हातांकडे पाहत होते. “बसवेना. असं वाटलं, की आपण मधे येतोय.”

“कुणाच्या?”

“तेच तर कळत नाही ना.” ते कसनुसं हसले. “तू जा ऑफिसला. मी पडतो जरा.”

ठिणगी दाराशी घुटमळली. थांबावं, असं एकदा तिच्या मनात आलं. चित्र बाईंना संध्याकाळी द्यायचं होतं, पण सकाळी मीटिंग होती. तिने बाबांच्या उशाशी पाण्याचा ग्लास ठेवला आणि ती गेली.

जिन्यात ती दोनदा थांबली. मीटिंगमध्ये कोण काय बोललं हे तिला नंतर आठवेना. दुपारीच ती चित्र न्यायचं निमित्त काढून परत निघाली.

६

रस्त्यात पाऊल टाकताच तिने वर पाहिलं. बाल्कनी रिकामी होती. ऊन कठड्याच्या वेलींतून गाळून येत होतं आणि मागच्या दारावर त्यांची सावली पडली होती. केवढं देखणं, असं तिच्या मनात आलं. नुसतं क्षणभर. त्या क्षणाची तिला पुढे कायम लाज वाटली.

वर पलंग नीट घातलेला होता. पाण्याचा ग्लास भरलेला. चपला दाराशी. बाबांची खुर्ची आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आणि तिच्यावर टॉवेलची घडी. तिने फोन लावला. तो उशीखाली वाजला.

“बाबा!”

घर लहान होतं. शोधायला वेळ लागला नाही.

ती धावत खाली आली. विचारावं कुणाला? फुलवाल्याच्या जागी कोरीव जोतं होतं. दुकानांच्या जागी एकसारख्या कमानी. कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीपर्यंत ती पळाली. ती इमारत तिने अगदी सुरुवातीलाच काढली होती, पाटी सोडून, पायऱ्यांवरची माणसं सोडून, दार बंद दाखवून. दार बंद होतं. तिने धडका मारल्या. आवाज असा आला, की आत खोली नसावीच. नुसता दगड असावा, दाराच्या आकाराचा.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिने प्रेमाने काढलेलं शहर उभं होतं. एकही रेघ चुकलेली नव्हती. आता कारणं एकत्र मांडायला तिच्याकडे वेळच वेळ होता.

तिने बाईंना फोन लावला. “बाई, माणूस कसा काढायचा?”

“आता? शेवटच्या पानावर?” पलीकडे कुणीतरी हसत होतं, कप वाजत होते. “अगं, इमारतीचं माप कळण्यापुरता हवाय ना? डोकं, खांदे, झालं. चेहरा काढू नकोस. चेहरा असला की लोक इमारतीकडे बघतच नाहीत.”

७

ट्रेसिंग पेपरवरची शाई पुसता येत नाही. ती ब्लेडने खरवडावी लागते, पातं जवळजवळ आडवं धरून, श्वास रोखून. ठिणगीने टेबल खिडकीशी ओढलं आणि बाल्कनीतला दरवाजा खरवडला. दुहेरी चौकट गेली. अर्धगोल काच गेली. कागदावर पांढरट, लवदार जागा उरली.

आधी खुर्ची. ती जमली. मग कठड्यावरचा टॉवेल. मग खांदे, बनियनच्या पट्ट्या, गुडघ्यांवर ठेवलेले हात. हात तिने पुन्हा पुन्हा निरखले. तेही जमले. राहिला तो चेहरा. कागदावर तो ज्वारीच्या दाण्याएवढा येणार होता.

भुवया कशा आहेत बाबांच्या? जाड की विरळ? हनुवटीवर खड्डा आहे, की तो आईच्या होता? कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची प्रत्येक खिडकी तिला तोंडपाठ होती. तिने कॅमेरा चाळला, फोन चाळला. कमानी, गवाक्षं, जिने. एका फोटोत कडेला कोपराचा तुकडा होता. माणूस बाजूला होईपर्यंत थांबायची सवय तिला फार आधीपासून लागलेली होती.

ती रडली, आणि रडत असतानाच तिने पेन टेकवलं. खरवडलेल्या जागी शाई फुटते, हे ऑफिसमधल्या नवशिक्यालाही ठाऊक असतं. तिथे आधी नख फिरवून कागद गुळगुळीत करून घ्यावा लागतो. घाईत ती ते विसरली. डोळ्यासाठी दिलेला ठिपका पसरत गेला, भुवई, गाल, ओठ यांच्या जागा गिळत गेला आणि चेहऱ्याचा एक काळा डाग झाला.

“नाही, नाही, नाही.” तिने ब्लेड उचललं आणि डाग खरवडून काढला. अलगद, सगळा. आता नख फिरवू, मग पुन्हा काढू. तिने अंगठ्याच्या नखाने ती जागा घोटली. ती छान गुळगुळीत, पांढरी झाली.

बाल्कनीत खुर्ची करकरली.

ठिणगी दारापर्यंत कशी गेली ते तिला कळलं नाही. खुर्ची तिथे होती. कठड्यावर टॉवेल होता. खुर्चीत रस्त्याकडे तोंड करून बाबा बसले होते. तीच बनियन, तेच वाकलेले खांदे, मानेवरचे तेच पांढरे केस. केस तर तिने काढलेही नव्हते. तिच्या छातीत आनंद उसळला.

“बाबा,” ती म्हणाली.

ते ताठ झाले. आवाज ओळखल्यासारखे. उत्तर आलं नाही. उजवा हात गुडघ्यावरून उठला आणि चेहऱ्याकडे गेला, चष्मा सारखा करायला जातो तसा. बोटं वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आंधळ्या माणसाने भिंतीवर बटण शोधावं तशी ती फिरत राहिली, कुठेही न अडखळता.

“बाबा, वळू नका,” ठिणगी कुजबुजली. “तसेच बसा. जरा वेळ. मी आत्ता काढते. अगदी नीट काढते, खरंच.”

कुरकुरत का होईना, जन्मभर तिचं ऐकत आलेला माणूस होता तो. जा म्हटलं की आत जाणारा, थांब म्हटलं की थांबणारा. त्याने क्षणभर वाट पाहिली. मग समोर बसल्याशिवाय हिला आपला चेहरा कसा काढता येणार, हे ध्यानात आल्यासारखी, खुर्ची हळूहळू तिच्याकडे वळू लागली.